इग्वानाला काय वाढायचं? पालक नव्हे, शेवग्याचा पाला

घरात इग्वाना आला की पहिल्याच आठवड्यात अख्खी सोसायटी तो बघून जाते, आणि त्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ही तर घोरपड!" दिसायला आहेच तसा. लांब शेपूट, खवले, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी झालर. इथवर ठीक आहे. त्याच्या पुढचं वाक्य धोक्याचं असतं : "मग अंडं देत जा की त्याला. घोरपडीला अंडी फार आवडतात."

घोरपडीला आवडतात, खरंच आहे ते. अंडी, उंदीर, बेडूक, किडे, मेलेलं जनावर, जे मिळेल ते ती खाते. (ती पाळायचा विचारही करू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती.) इग्वाना मात्र सरड्यांमधला माळकरी. मेक्सिकोपासून ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या जंगलांत, बहुतेक वेळा नदीकाठच्या उंच झाडांवर तो राहतो आणि तिथे बसून पाला, फुलं आणि अधूनमधून फळं खातो. तिकडची माणसं मात्र माळकरी नाहीत. मध्य अमेरिकेत इग्वाना शिजवून खातात आणि त्याला 'झाडावरची कोंबडी' म्हणतात.

माझ्याकडची मादी मी घेतली तेव्हा विकणाऱ्याने आहार सांगितला होता : काकडी, केळं, आणि आठवड्याला एक उकडलेलं अंडं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट रोजच्या ताटलीत असू नये, हे कळायला मला चार महिने लागले. एवढं पिल्लू ते, पण चालताना त्याच्या पायाची बोटं थरथरायला लागली होती. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. इग्वाना भाजी खाणारा प्राणी नाही, पाला खाणारा आहे. 'भाजी' या आपल्या शब्दात काकडी, गाजर, बटाटा, टोमॅटो सगळंच येतं, आणि तिथेच घोटाळा होतो. तुमच्यापुढे खवल्यांची शेळी बसली आहे असं समजा. पुढचे पाय झाडावर टेकवून ती जे ओरबाडेल, त्या जातीचं अन्न हवं.

पोटातलं इडलीचं पीठ

पाला पचवणं सोपं काम नाही. पानाचा बराच भाग म्हणजे सेल्युलोज, आणि ते फोडणारं विकर पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला स्वतःला बनवता येत नाही. गाय ते काम पोटातल्या जिवाणूंकडून करून घेते. घोडा आणि ससा तेच काम आतड्याच्या शेवटच्या भागात करून घेतात. इग्वाना घोड्या-सशाच्या पंगतीतला. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला आडवे पडदे असतात. त्यामुळे खाल्लेला पाला तिथे अडून राहतो, मुरतो, आणि जिवाणू तो आंबवतात. आंबताना जी मेदाम्लं तयार होतात त्यांवर इग्वाना जगतो.

हे जिवाणू अंड्यातून मिळत नाहीत. पनामातल्या इग्वानांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासात त्याचा उलगडा झाला. अंड्यातून निघालेली पिल्लं आधी घरट्यातली माती खातात. मग झाडांवर चढून मोठ्या इग्वानांच्या आसपास राहतात आणि पहिले काही आठवडे त्यांची विष्ठा खातात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो, त्यातलाच हा प्रकार. विरजण न मिळालेली पिल्लं हळू वाढतात.

आंबवण्याला ऊब लागते, हे कुठल्याही स्वयंपाकघराला सांगायला नको. डिसेंबरात पुण्यात इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं तरी फुगत नाही. इग्वानाचं पोट तसंच आहे, कारण त्याचं रक्त स्वतः तापत नाही. दिवसा ऊन खाण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान हवं, पिंजऱ्याच्या थंड बाजूला २६ ते २९, आणि रात्रीसुद्धा २३-२४ च्या फार खाली जाऊ नये. हे नसेल तर जगातला उत्तम पाला वाढा, तो पोटात नुसता पडून राहील. म्हणून वाढायची वेळही ठरलेली असावी. सकाळी दिवा लागला किंवा ऊन आलं की आधी तास-दीड तास त्याला तापू द्या, मग ताटली ठेवा. रात्री आठला ऑफिसातून येऊन जेवू घालणं हा प्रेमाचा प्रकार असेल, पण खाल्लेल्या पाल्यावर अंग तापवायला त्याच्याकडे दिवसच उरत नाही.

आणखी एक. इग्वाना खाताना घास चावत नाही, म्हणजे रवंथ केल्यासारखं चघळत नाही. त्याचे दात करवतीच्या दात्यांसारखे असतात, त्यांनी तो पान कापतो आणि तुकडा तसाच गिळतो. पिल्लासाठी पाला कोथिंबिरीसारखा बारीक चिरावा. मोठ्यासाठी जाडसर चिरला तरी हरकत नाही. माझी मादी आता शेवग्याची आख्खी डहाळी टांगली तर ओरबाडून खाते, आणि तेवढाच तिचा व्यायाम होतो.

कॅल्शियमचा जमाखर्च

पाळीव इग्वानाला सर्वांत जास्त छळणारा आजार हाडांचा आहे, आणि त्याचं मूळ ताटलीत आणि उजेडात असतं. हृदय धडधडायला, स्नायू आखडायला रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतंच. अन्नातून ते आलं नाही तर शरीर थांबून बसत नाही. घरात पगार येईनासा झाला की माणूस आधी मुदतठेव मोडतो, मग दागिने काढतो. इथे मुदतठेव म्हणजे हाडं, आणि ती मोडायला लावणाऱ्या ग्रंथी म्हणजे गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम बरेच दिवस ठीकठाक दिसतं, आत हाडं पोकळ होत जातात. पोकळ हाडाला आधार द्यायला शरीर त्याभोवती तंतूंचा जाड थर घालतं. मग मांड्या गोल, टणक, भरल्यासारख्या दिसू लागतात, आणि मालक खूश होतो : कसा गुटगुटीत झालाय! खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लवतो, पोट जमिनीवरून उचललं जात नाही, बोटं थरथरतात. इथवर आलं की ताटलीने भागणार नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे नेऊन एक्स-रे काढावा लागतो.

नुसतं कॅल्शियम किती आहे हे बघून मात्र चालत नाही, त्याच्या शेजारी फॉस्फरस किती आहे ते बघायचं. फॉस्फरस जास्त झाला की तो आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतो. इग्वानाच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी असावं, बरोबरीच्या खाली कधीच नसावं. आपल्याकडच्या जुन्या पोषणतक्त्यांत १०० ग्रॅममागे शेवग्याच्या पाल्यात ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ७० मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. मेथीत ३९५ आणि ५१. हादग्याच्या पानांत तर ११३० आणि ८०. आता केळं बघा : १७ आणि ३६. म्हणजे केळं कॅल्शियम देत नाही, असलेलं अडवतं. नव्या मोजण्यांत हे आकडे खालीवर होतात, पण कोण पुढे आणि कोण मागे हा क्रम तोच राहतो. भात, पोळी, मका, डाळ ही सगळी केळ्याच्याच बाजूची मंडळी. काकडीही तिथेच, वर ती जवळजवळ सगळी पाणी. परदेशी आइसबर्ग लेट्यूसचंही तेच, महाग पाणी.

पालकाचं काय?

हिरवागार, स्वस्त, वर्षभर मिळणारा, लहानपणापासून 'ताकद येते' म्हणून ऐकलेला पालक. सगळ्यांच्या मनात पहिलं नाव त्याचंच येतं. अडचण आहे ऑक्झॅलिक आम्लाची. हे आम्ल कॅल्शियमला घट्ट मिठी मारतं आणि जो क्षार होतो तो पचत नाही. अळू नीट शिजलं नाही तर घसा खाजतो ना, तो खाजवणारा पदार्थ म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटच, अळूच्या पानात त्याच्या सुया असतात. (कच्चं अळू इग्वानाला अजिबात नको, हे ओघाने आलंच.) पालकात सुया नाहीत, पण विरघळलेलं ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की पालकातलं स्वतःचं कॅल्शियम बांधून ते वर उरतं, आणि उरलेलं शेजारच्या मेथीतलंही बांधू शकतं. आंबट चुका, चाकवत, घोळ, बीटचा पाला हे याच घराण्यातले. माठ आणि राजगिऱ्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झॅलेटही भरपूर, म्हणून मिश्रणात थोडा, कधीतरी. चार पानं पोटात गेली म्हणून काही होत नाही. पालक रोजचा झाला की मात्र होतं.

कोबी, फुलकोबीचा पाला, केल, मोहरी यांच्यावरही लोक बोट दाखवतात, कारण त्यांतले घटक थायरॉइडच्या कामात, म्हणजे आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात. मला ती भीती थोडी जास्तच रंगवलेली वाटते. आठवड्यातून एकदा-दोनदा, इतर पाल्यात मिसळून द्यायला हरकत नाही.

मंडईत काय मागायचं

मंडईत पहिल्यांदा शेवग्याचा पाला मागितला तेव्हा मावशींनी विचारलं, "शेळी पाळली का दादा?" सरडा म्हटल्यावर त्यांनी जुडीचे पैसेच घेतले नाहीत, बहुधा भीतीने. शेंगा विकणाऱ्यांकडे पाला रोज नसतो, पण आदल्या दिवशी सांगून ठेवलं की मिळतो. त्याहून सोपं म्हणजे झाड. शेवगा कुंपणाला, शाळेच्या आवारात, गावाकडे परसात असतोच, आणि छाटला की पुन्हा फोफावतो. हादगाही तसाच, पण तो मुद्दाम शोधावा लागतो.

जास्वंद इग्वानाचं पक्वान्न आहे. फूल तर तो झडप घालून खातो, पानंही आवडीने खातो. देवाला वाहिलेली फुलं मात्र देऊ नका, त्यांवर कुंकू, अत्तर काय काय असतं. तुतीची पानं उत्तम. रेशीम उद्योगासाठी तुती लावणारे शेतकरी ओळखीचे असतील तर तुमचं काम झालं, कारण रेशमाची अळी मरेल या भीतीने ते पाल्यावर कीटकनाशक फार जपून वापरतात. याच्या अगदी उलट गोष्ट द्राक्षाची. द्राक्षाचं पान इग्वानाला चांगलं, आणि नाशिक-सांगलीकडे त्याला तोटा नाही, पण बागेवर मोसमभर फवारण्या चालू असतात, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण त्यातलंच. घराच्या मांडवावरचा, न फवारलेला वेल असेल तरच ती पानं द्या.

रोजचा पाया म्हणून या पानांतली दोन-तीन, सोबतीला मेथी, थोडी कोथिंबीर. ताटलीतला आठ-नऊ दशांश भाग इथेच भरला पाहिजे. उरलेल्या जागेत किसलेला लाल भोपळा, चिरलेली फरसबी किंवा भेंडी, थोडं गाजर. सगळं कच्चं, बिनमिठाचं, बिनतेलाचं. मंडईतला पाला दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि ओलाच वाढा. इग्वाना वाटीतलं पाणी फारसं पीत नाही, त्याला पाणी पानांतून आणि पानांवरून मिळायची सवय. कोकणात-मुंबईत हवेत ओल असते, पण नागपूर-संभाजीनगरच्या उन्हाळ्यात तो नकळत सुकत जातो. तिथे दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा आणि कोमट पाण्याची अंघोळ हवीच.

फळं द्यायची तर जिभेच्या लाडापुरती. पपई आणि अंजीर बरी, कारण त्यांत कॅल्शियम फॉस्फरसच्या मागे पडत नाही. आंबा मोसमात एखादी फोड. केळं औषध लपवायला कामी येतं, म्हणून घरात असू द्या. गोडाची चटक लागलेला इग्वाना पाल्याकडे ढुंकून बघत नाही. तसं झालंच तर सगळं इतकं बारीक चिरून कालवा की त्याला निवडता येणार नाही, आणि दर तीन दिवसांनी पाल्याचं प्रमाण वाढवत न्या. मुलांच्या पोळीत दुधी लपवणाऱ्या आईला हे तंत्र वेगळं शिकवायला नको.

कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा, सदाफुली आणि मनीप्लांट त्याच्या वाटेतही नसावेत. अव्होकाडो, कांदा, लसूणही नको.

अंडं, चिकन, किडे का नको

जुन्या पुस्तकांत पिल्लांना किडे किंवा कुत्र्याचं खाद्य द्या असं लिहिलेलं सापडतं. अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटी लाखोंनी इग्वाना विकले गेले, आणि पुष्कळांना तेच चारलं गेलं. पिल्लं भराभर वाढली, पण पुढे अनेकांची मूत्रपिंडं गेली.

त्याचं कारण असं. प्रथिनं वापरली की नायट्रोजनचा कचरा उरतो. आपण तो युरियाच्या रूपात पाण्याबरोबर बाहेर टाकतो. इग्वाना तो यूरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडाच टाकतो. विष्ठेसोबत पांढरा खडूसारखा भाग दिसतो तो हाच. पाण्याची बचत करणारी ही सोय पाल्यातल्या प्रथिनांना पुरते. मांस-अंड्यांचा मारा झाला आणि त्यात पाणी कमी पडलं, की यूरिक आम्लाचे खडे सांध्यांत आणि मूत्रपिंडांत साचतात. माणसांत याला गाऊट म्हणतात. सुजलेली मूत्रपिंडं कमरेच्या पोकळीत आतड्याला दाबतात आणि बद्धकोष्ठ होतं. हे सगळं व्हायला वर्षं लागतात, म्हणून अंडं खाणारा तीन वर्षांचा इग्वाना अगदी ठणठणीत दिसतो, आणि 'आमच्याला तर काही झालं नाही' हे वाक्य ऐकू येतं. नीट ठेवला तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो.

जाता जाता : इग्वाना शिंकतो आणि काचेवर पांढरे डाग पडतात, त्याला सर्दी समजू नका. नाकातल्या ग्रंथींमधून तो जास्तीचे क्षार बाहेर टाकत असतो.

ऊन हाही आहारच

आणलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि इग्वाना ते कातडीत बनवतो, सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांवर. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. गॅलरीला सरकत्या काचा लावून आत ठेवलेल्या इग्वानाला ऊब मिळते, उजेड मिळतो, ड जीवनसत्त्व मिळत नाही. हा एक गैरसमज जितक्या घरांत दिसतो तितका दुसरा कुठलाच नाही. तोंडावाटे दिलेल्या ड-३ वर विसंबून राहणं इग्वानाच्या बाबतीत धोक्याचं आहे, कमी पडतं आणि जास्त झालं तर घातक ठरतं.

आपल्याकडे ऊन फुकट आहे. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, सकाळच्या उन्हात अर्धा-पाऊण तास. काचेच्या टाकीत उन्हात कधीही ठेवू नका, दहा मिनिटांत भाजून निघेल. पावसाळ्यात आणि फ्लॅटमध्ये यूव्हीबी ट्यूब लागते. तिची मेख अशी की वर्षभराच्या आतबाहेर यूव्हीबी बरंच ओसरतं, पण उजेड तेवढाच दिसत राहतो. ट्यूबवर लावल्याची तारीख लिहून ठेवा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीत बदला.

वरून भुरभुरायची कॅल्शियमची पूड फॉस्फरस नसलेली घ्या. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, तो किसून घातला तरी चालतं. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून चार-पाच वेळा चिमूटभर, मोठ्याला एक-दोन वेळा. कुणीतरी पानाच्या डबीतला चुना सुचवेल. तो दाहक असतो, तोंड भाजेल. नको.

खात नसेल तर

आधी तापमापक बघा, मग पाला. जानेवारीत घरातला गारठा हेच कारण दहातल्या सात वेळा मला सापडलं आहे. नर माजावर आला की काही आठवडे खाणं कमी करतो, रंग नारिंगीकडे झुकतो, स्वभाव तिरसट होतो. वजन फार उतरलं नाही तर वाट बघायची.

मादीचं प्रकरण वेगळं. नर घरात नसला तरी ती वयात आल्यावर अंडी धरते, कोंबडीसारखीच, आणि एका वेळी चाळीस-पन्नाससुद्धा. पोट अंड्यांनी भरलं की पाल्याला जागा उरत नाही, ती खाणं जवळजवळ सोडते, आणि नेमकं याच काळात कवचांसाठी तिला कॅल्शियमची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून तिची तयारी आधीचे काही महिने शेवगा, हादगा आणि ऊन देऊन करावी लागते. अंडी घालायला ओलसर मातीची खोल पेटी द्या. माझी मादी पहिल्या वर्षी चार दिवस पिंजऱ्याचा कोपरा उकरत राहिली, आणि मला वाटत होतं तिला मेथीचा कंटाळा आलाय.

कागदपत्रांचं एक राहिलं. हिरवा इग्वाना सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची वन्यजीव कायद्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करायची असते, आणि पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. विकत घेताना विकणाऱ्याकडे आधी हे कागद मागा, आहाराचा सल्ला नंतर विचारा. त्यात काकडी-केळं निघालं तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.